कारकुनाच्या नजरचुकीमुळे

टाचणीकाका माझ्याकडे आले ते टेबलाखुर्च्यांबरोबर आले. मी वकिली सुरू केली ती माझ्या गुरूंच्या जागेत. ते निवृत्त झाले आणि जाताना त्यांनी मला दोन कपाटं, एक डुगडुगणारं टेबल, वाळवीने निम्मी वाचून काढलेली कायद्याची पुस्तकं आणि एक कारकून दिला. म्हणाले, "कपाटाची किल्ली याच्याकडे आहे, आणि कपाटात काय आहे तेही यालाच माहीत आहे. तू आपला कोट नीट घालत जा." गेली सव्वीस वर्षं मी कोट नीट घालत आलो आहे. बाकीचं काका बघतात.

काका माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, आणि वर एक गोल, गुळगुळीत डोकं. नुसत्या आकारावरूनही त्यांना टाचणी म्हणता आलं असतं, पण नाव पडलं ते वेगळ्या कारणाने. त्यांच्या डाव्या मनगटावर शिंप्याच्या असते तशी छोटी कापडी गादी असे आणि तिच्यात वीस-पंचवीस टाचण्या खोचलेल्या. ती गादी त्यांना त्यांच्या बहिणीने शिवून दिली होती. स्टेपलर मी तीनदा आणला, तीनदा तो कपाटामागे सापडला. "साहेब, ती पिन कागदाला चावते," काका म्हणायचे. "टाचणी नुसती हात धरते. नको असेल तर सोडवता येतं." कोर्टाच्या आवारात कुठलीही फाईल उघडी पडली तर टाचणीच्या कोनावरून लोक सांगत, ही काकांची.

अशा माणसाचं नाव मी एकदा घालवलं. ते परत आणायला मी इतका उशीर लावला की तशा उशिराला कुठलंही कोर्ट माफ करणार नाही. तीच ही हकिकत.

नऊ वर्षांपूर्वी काकांनी स्वतःच्या बहिणीचं काम माझ्याकडे आणलं. या ताई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शिवणकामाचं एक दुकान. कोपऱ्यावरची खोली, दोन बाजूंना दोन खिडक्या, सकाळी एकीतून आणि दुपारी दुसरीतून उजेड. जागामालकाला ती खोली हवी होती. खालच्या कोर्टात आम्ही हरलो. अपिलात मात्र जीव होता. मुद्दा चांगला होता आणि तो काकांनीच शोधला होता. अपिलाचे कागद त्यांनी मुदतीच्या चार दिवस आधी तयार केले, वर चिठ्ठी टोचली, 'सही, आजच', आणि माझ्या टेबलावर ठेवले.

त्या आठवड्यात आमच्या वकील संघाचं नाटक होतं. मी न्यायाधीश झालो होतो. वाक्य एकच, पण तीनदा यायचं: "कोर्ट तहकूब." ते मी घरी आरशासमोर म्हणत होतो, जिन्यात म्हणत होतो, न्हाणीघरात म्हणत होतो. नाटकाची वही मी अपिलाच्या कागदांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं, "साहेब, ताईचे कागद?" मी म्हटलं, "हो हो, आजच." तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी हात वर करून म्हणालो, "कोर्ट तहकूब," आणि स्वतःच हसलो. नाटक छान झालं. वही उचलली तेव्हा खाली कागद होते आणि मुदत संपून दोन दिवस झाले होते.

मुदत टळली की उशीर माफ करा म्हणून कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि त्यात उशिराचं कारण लिहावं लागतं. आमच्या धंद्यात या कारणाची एक ठरलेली ओळ आहे: कारकुनाच्या नजरचुकीमुळे. माझ्या गुरूंनी ती लिहिली, त्यांच्या गुरूंनी लिहिली. वकील विसरत नाही, वकिलाला डुलकी लागत नाही, वकील नाटकात काम करत नाही. चुकते ती कारकुनाची नजर. न्यायाधीशही कधीकाळी वकीलच असतात. ती ओळ वाचताना त्यांना आपापला कारकून आठवतो आणि बहुधा ते उशीर माफ करून टाकतात. सगळ्यांना ठाऊक असलेलं खोटं ते. त्याची कुणालाच लाज वाटत नसे, मलाही नव्हती.

मी अर्ज तोंडी सांगितला, काकांनी टाइप केला. 'कारकुनाच्या' या शब्दापाशी यंत्र जरासुद्धा अडखळलं नाही. सोबत कारकुनाचं प्रतिज्ञापत्र लागतं, की मी शपथेवर सांगतो, तारीख माझ्या हातून चुकीची लिहिली गेली. तेही त्यांनीच टाइप केलं आणि खाली सही केली. न केलेली चूक त्यांनी एकही चूक न करता टाइप केली.

या वेळचे न्यायाधीश कडक होते. त्यांनी ती ओळ मोठ्याने वाचली, चष्म्यावरून काकांकडे पाहिलं आणि म्हणाले, "कारकुनाच्या निष्काळजीपणाचा भुर्दंड समोरच्याने का सोसावा?" अर्ज फेटाळला. ताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी भावाकडे पाहिलं. मी फाईलकडे पाहिलं. काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

जिन्यात मी म्हटलं, "काका, ताईंना मी सांगतो नीट समजावून."

"सावकाश सांगा," काका म्हणाले.

मी इतकं सावकाश घेतलं की नऊ वर्षं गेली.

बहीण-भावाची दारं एकाच गल्लीत समोरासमोर. दुकान गेल्यावर ताईंनी मशीन घराच्या ओटीवर आणून ठेवलं. काकांच्या बायकोने माझ्या बायकोला सांगितलं होतं, की काका गल्लीतून जाताना ते मशीन थांबतं, आणि ते आत गेले, दार लागलं, की पुन्हा सुरू होतं. बायकोने मला विचारलं, "का हो, असं काय झालं त्यांच्यात?" मी म्हटलं, "भावंडांचं काहीतरी असतं." हे वाक्य मी जेवता जेवता म्हणालो आणि वर पाणी प्यायलो.

दिवस जात राहिले. वकिली आटत चालली. समोरच्या इमारतीत काचेचं दार असलेलं नवं कार्यालय आलं, तिथे पाच तरुण वकील आणि एक पाण्याचं यंत्र. आमच्याकडचे अशील एकेक करून रस्ता ओलांडू लागले. आमच्या धंद्यात जाहिरात करायची नसते, त्यामुळे मी खिडकीत उभा राहून कोण ओलांडतंय ते बघत असे.

अशा वेळी मेहुणा आला. मेहुणा विमा विकतो आणि उरलेल्या वेळात शिबिरांना जातो. चालण्याचं शिबिर करून आला होता तेव्हा दोन महिने लंगडत होता. या वेळी हातात पुस्तिका होती.

"भाऊजी, तुम्ही शेवटचे आभार कधी मानलेत?"

"आज सकाळी. तुझ्या बहिणीने मोजे शोधून दिले तेव्हा."

"तोंडाने नाही मानलेत," बायको आतून म्हणाली.

"तेच म्हणतोय मी," मेहुणा म्हणाला. "वकील लोक बिल पाठवतात, नोटीस पाठवतात. आभाराचं पत्र कुणी पाठवतं का? जुने अशील काढा. आठवड्याला दहा पत्रं. हाताने लिहिलेली. प्रत्येकात त्या माणसाची एकतरी खरी आठवण. आणि काम मागायचं नाही. मागितलं की मेलं. नुसते आभार. बघा कसा माणूस परत येतो."

"म्हणजे काम मिळावं म्हणून काम न मागता आभार मानायचे."

"तुम्ही फार वकिली करता, भाऊजी. म्हणून वकिली चालत नाही."

पहिलं पत्र मी स्वतः लिहिलं. काकांनी ते दोनदा वाचलं. "साहेब," ते म्हणाले, "यात 'सदरहू' दोनदा आलंय आणि शेवटी 'सबब' आहे. हे मिळालं की माणूस घाबरून वकील गाठेल. दुसरा."

तेव्हापासून पत्रं काका लिहू लागले. अक्षर त्यांचं सुबक होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती. त्यांना सगळं आठवत होतं. मी एकाही माणसाची आठवण सांगू शकलो नाही. मला खटले आठवत होते, निकाल आठवत होते, आणि निकालातला माझा भाग जरा जास्तच आठवत होता. काका दुपारी जेवणानंतर जुनी फाईल काढत, टाचणी सोडवत, पहिलं पान बघत आणि लिहायला लागत. खाली जिथे सही करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली. मी सही केली की ते फुली खोडत. पहिली दोन पत्रं मी वाचली. मग गठ्ठ्याने फुल्याच बघू लागलो.

तीन आठवड्यांनी एक निवृत्त मास्तर जिना चढून आले. धापा टाकत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तुम्हाला अजून आठवतंय?"

मी मान हलवली. वकिलाला ही मान हलवता येतेच.

"हिच्या शेवटच्या आजारपणात मी तारखांना यायचो. तुम्ही माझा पुकारा नेहमी पहिला करवून घ्यायचात, मी लवकर घरी जावं म्हणून. मला वाटायचं योगायोग आहे. आणि तुम्ही मलाच लिहिता, की त्या दिवसांतही मी तुमच्या अर्जातल्या चुका पेन्सिलीने सुधारून द्यायचो याबद्दल आभार." त्यांनी रुमाल काढला. "एवढ्या कामात माणूस लक्षात ठेवलात."

ते गेल्यावर मी विचारलं, "काका, यांचा पुकारा पहिला कोण करवून घ्यायचं?"

"कोर्टातला शिरस्तेदार माझ्या ओळखीचा होता," काका म्हणाले आणि पुढचं पत्र घेतलं.

मास्तरांनी पुतण्याचं जमिनीचं काम आणलं. मग बेकरीवाला आला. आम्ही त्याचा खटला हरलो होतो, तरी दुसऱ्या दिवशी त्याने आमचा गळका नळ दुरुस्त करून दिला होता, याबद्दल त्याला पत्र गेलं होतं. तो भागीदारीचा करार करायला आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "हरलेल्या माणसाला कोण लिहितं, साहेब?" दोन भाऊ आले, एक परिचारिका आली, एक छापखानावाला आला. रस्ता उलटा ओलांडला जाऊ लागला. प्रत्येक जण माझ्या स्मरणशक्तीचं कौतुक करी आणि मी नम्रपणे खाली बघे. खाली बघता बघता हळूहळू मला वाटायला लागलं, की हे खरंच मला आठवत असावं. न केलेल्या चांगुलपणाची सवय फार पटकन लागते.

बार रूममध्ये चर्चा झाली. वकील संघाच्या अध्यक्षांनी मला गाठलं. "तुझं ते कृतज्ञतेचं काय आहे, त्यावर बोल एकदा. 'कृतज्ञतेतून वकिली.' पोरांना उपयोग होईल."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बोला की. घरात अजून कुणाला पत्र आलेलं नाही, तेही सांगा."

भाषणही अर्थात काकाच लिहिणार होते. मला त्यात एकच वाक्य घालायचं होतं: माझ्याकडच्या प्रत्येक जुन्या अशिलाला मी पत्र लिहिलं आहे. वाक्य खरं असावं म्हणून मी यादी मागवली. काकांनी वही आणून ठेवली. क्रमांक, धंदा, पत्र गेल्याची खूण. सगळीकडे खूण होती, एकशे बारा सोडून. समोर फक्त 'शिवणकाम'.

"काका, हे एकशे बारा राहिलं."

"राहू द्या, साहेब."

"का? बाई रागावली होती का आपल्यावर?"

"असेल."

"मग तर आधी लिहायला हवं होतं. मेहुणा म्हणतो, रागावलेला अशील म्हणजे..."

"ताई आहे ती, साहेब."

काका नेहमीच्याच आवाजात म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. मी वहीकडे बघत राहिलो. सव्वीस वर्षांतल्या झाडून सगळ्या अशिलांचे आभार मानायला निघालेल्या मला, ज्या माणसाच्या हाताने ते मानत होतो त्याच्या बहिणीचं दुकान आठवलं नव्हतं. मी ते विसरण्याचा प्रयत्न केला होता असंही नाही. सरळ विसरलो होतो, छत्री विसरतात तसा.

आणि त्यावर मी काय म्हणालो, तर, "तुम्हीच लिहा ना काहीतरी. तुम्हाला बरोबर जमतं."

काकांनी वही मिटली. "बाकीच्यांचं मला आठवत होतं म्हणून मी लिहिलं," ते म्हणाले. "हे तुम्हाला आठवायला हवं." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला, खाली पेन्सिलीने फुली केली आणि ते आपल्या टेबलापाशी जाऊन बसले.

त्या दुपारी मी चार मसुदे केले. 'सदर प्रकरणी विलंब झाला' असं पहिल्यात होतं; विलंब जणू स्वतःच चालत येऊन झाला होता. दुसऱ्यात 'आमच्या कचेरीकडून'. म्हणजे टेबलाकडूनही असेल, कपाटाकडूनही असेल. तिसऱ्यात 'माझ्याकडून काही अंशी'. चौथ्यात मी आभारच मानायला लागलो, तुम्ही कधी जाब विचारला नाहीत म्हणून, आणि मग मला घाम फुटला. चारही फाडले आणि उठलो.

गल्ली दुपारची सामसूम होती. मशीनचा आवाज येत होता. ताई ओटीवर बसल्या होत्या, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला, तोंडात दोन टाचण्या. मला बघून त्यांनी टाचण्या काढल्या.

"वकीलसाहेब. वाट चुकलात?"

मी तिथेच बाकड्यावर बसलो आणि सांगितलं. नाटक, वही, मुदत. त्या शिवत होत्या. एक शिवण संपवली, दोरा तोडला.

"परत सांगा."

मी परत सांगितलं.

"आता कारकून हा शब्द न घालता सांगा."

तेव्हा ते फार लहान झालं. मी म्हटलं, "तुमचे कागद वेळेवर तयार होते. मी सही केली नाही. आणि दोष त्यांच्यावर घातला."

त्यांनी चष्मा काढला. त्या रागावतील, ओरडतील, याची मी वाटेत तयारी केली होती. त्या नुसत्या समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या.

"त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही," त्या म्हणाल्या. "न्यूमोनिया झाला होता त्याला, तेव्हा वहिनी इथे, या पायरीवर येऊन उभी राहिली. मी खिडकी लावून घेतली." मग म्हणाल्या, "तुम्ही आज आलात मोकळे व्हायला. मी कुठे जाऊन मोकळी होऊ?"

"ताई, मला माफ..."

"ते राहू द्या. एक विचारते. त्याची चूक कुठे वाचली होती?"

"कोर्टात."

"मोठ्याने. शिक्का मारून. आणि तुमची तुम्ही माझ्या ओटीवर सांगताय, ती शेजारीण उठेल म्हणून आवाज बारीक करून."

मी आवाज बारीक केला होता. मला ते कळलंही नव्हतं.

भाषणाच्या दिवशी सभागृहात चाळीस-पंचेचाळीस वकील होते. मागच्या रांगेत काही कारकून बसले होते, त्यांत काकाही. त्यांनी लिहिलेलं भाषण माझ्या फाईलमध्ये टाचून ठेवलेलं होतं. त्यात तीन विनोद होते आणि चांगले होते. मी फाईल उघडली नाही. मास्तरांची गोष्ट सांगितली, बेकरीवाल्याची सांगितली, आणि मग ती पत्रं कोणी लिहिली ते सांगितलं. मग एकशे बारा क्रमांक सांगितला. नाटक पाहिलेले बरेच जण समोरच होते. 'कोर्ट तहकूब' म्हटल्यावर एक जण सवयीने हसला आणि मध्येच थांबला. शेवटी मी म्हटलं, "कारकुनाच्या नजरचुकीमुळे ही ओळ आपण सगळेच लिहितो. माझ्या कारकुनाची नजर एकदाही चुकलेली नाही. हे मी नऊ वर्षं उशिरा सांगतोय, आणि उशिराला कारण काही नाही."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. चाळीस वकील बुटांकडे बघत होते. कारकून सरळ समोर बघत होते, ते जास्त अवघड होतं. अध्यक्षांनी वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द केली आणि चहा जाहीर केला. चहाच्या वेळी एक ज्येष्ठ वकील माझ्या कानाशी लागले. "अरे, ओळ होती ती. छापील. तू एकट्याने कशाला अंगाला लावून घ्यायची? आता उद्यापासून न्यायाधीश प्रत्येक अर्जाला कारकून बोलावतील."

मेहुणाही ऐकायला आला होता. "भाऊजी," तो म्हणाला, "हे पुस्तिकेत नव्हतं." मग बराच वेळ तो माझ्या शेजारी नुसता उभा राहिला, आणि मेहुणा गप्प उभा राहतो हे मी प्रथमच पाहिलं.

परत जाताना काका माझ्याबरोबर चालत होते. चौक आला.

"भाषण मी लिहिलेलं बरं होतं," काका म्हणाले.

"हो."

"ताईकडे गेला होतात."

"हो."

"मला विचारायचं तरी, साहेब." आवाज पहिल्यांदाच चढला होता. "नऊ वर्षं मी तोंड मिटून बसलो. ते काय तुम्ही एका दुपारी उरकून टाकावं म्हणून? माझ्या बहिणीला मी कसं सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, ते माझं होतं. तेवढं तरी माझं होतं."

मला वाटलं होतं, ते निदान 'बरं केलंत' म्हणतील. अगदी खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत चाललो होतो. केवढा हा हावरेपणा, की लाज कबूल करून त्याचंही कौतुक हवं. ते डावीकडे वळले, मी सरळ गेलो.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताई कचेरीत आल्या. माझ्या खोलीला अर्धी लाकडी भिंत आहे आणि बाहेर जायची वाट काकांच्या टेबलावरूनच जाते, त्यामुळे मी आत अडकलो. कान बंद करायची सोय नव्हती आणि इच्छाही, असलीच तर, फार नव्हती.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाल्या, "किती वाळलास."

"मी असाच आहे पहिल्यापासून."

"पहिल्यापासूनचा मला नको सांगूस. मी बघितलाय." मग थांबून, "बोलला का नाहीस?"

"तू रागावलेली होतीस."

"रागावलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं?"

"ताई, त्यांचं नाव गेलं असतं तर कचेरी गेली असती. मी कुठे गेलो असतो? मुलीचं शिक्षण चालू होतं."

"आणि माझं दुकान?"

त्या नऊ वर्षांत आमच्यापैकी कुणी ते दुकान बहुधा मोजलंच नव्हतं. मी माझ्या नावाच्या मागे, काका माझ्या नावाच्या मागे, आणि दोन खिडक्यांची ती खोली मात्र गेलेलीच.

"त्यांनी खोटं लिहायला सांगितलं," ताई म्हणाल्या, "पण सही तू केलीस. मी समोरच्याच घरात होते, तुझी बहीण. एकदा येऊन सांगायचंस, ताई, हे असं लिहितोय. मी हो म्हटलं असतं रे. मूर्खा, मी हो म्हटलं असतं."

काका रडत होते की नाही मला दिसलं नाही. नाक मोठ्याने शिंकरल्याचा आवाज आला, आणि मग ताई म्हणाल्या, "वहिनीला म्हणावं, मी खिडकी लावली होती ते माझ्याही लक्षात आहे. उद्या संध्याकाळी ये. बोलेनच असं नाही. येऊन बस."

"येतो."

"तिला घेऊन ये."

त्या निघाल्या. जिन्याकडे वळताना त्या माझ्या खोलीच्या दारातून दिसल्या. मी उभा राहिलो, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, काढले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जिन्यावरची पावलं संपेपर्यंत मी तसाच उभा होतो, आणि संपल्यावरही बसायचं सुचलं नाही.

थोड्या वेळाने काका आत आले. डोळे लाल होते. त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या फायली टेबलावर ठेवल्या, वरची सरळ केली.

"उद्या मी पाचला निघेन," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांत लवकर जायचं असलं की काका विचारायचे, "जाऊ का साहेब?" आज त्यांनी विचारलं नव्हतं. मी "बरं" म्हटलं. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, मी शब्द शोधतही होतो. पण ते ऐकायला काका थांबले नव्हते.